पापणी आधी की लेन्स आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहिते. तुमचे आक्षेप दोन. लोंबलेली वरची पापणी उचलायची शस्त्रक्रिया आणि मोतीबिंदूची लेन्स यांत साधारण ३ महिने जाऊ द्या, असं मी लिहिलं होतं. तुम्हाला ते लोकांना उगाच घाबरवणं वाटलं, कारण तुमच्या आईच्या पापण्या झाल्या, आठवड्यात उजव्या डोळ्यात लेन्स बसली आणि त्यांना छान दिसतंय. दुसरा आक्षेप असा, की साठीनंतर बायकांनी नटूथटू नये, असा माझ्या लेखाचा सूर आहे.

दुसऱ्याचं आधी सांगते. पापण्या जरूर कराव्यात. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या आनंदासाठी केल्या तरी त्याबद्दल कुणाला सफाई द्यायची गरज नाही. शिवाय कातडी लोंबून पापणीच्या केसांवर टेकली की वरचं आणि बाजूचं दिसणंही कमी होतं. पापणी चिकटपट्टीने वर धरून तपासलं की तो फरक कागदावर उमटतो. मोतीबिंदू निघाल्यावर आरशात सुरकुत्या पहिल्यांदाच स्वच्छ दिसतात आणि मग पापण्यांचा विचार सुरू होतो, असंही पुष्कळ जणींचं होतं. माझा मुद्दा हौसेविरुद्ध नाही, वेळेबद्दल आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न: लेन्स डोळ्याच्या आत बसते, मग बाहेरच्या कातडीचा काय संबंध?

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी, आहे; लेन्सच्या नंबरासाठी मापं घेणं हे माझं रोजचं काम. तो नंबर मुख्यतः डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, गोलाई यांवर ठरतो. डोळ्याच्या एकूण शक्तीतली सुमारे दोन तृतीयांश शक्ती एकट्या कॉर्नियाची असते. गोलाईचं माप एक डायॉप्टरने (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) चुकलं, तर ऑपरेशननंतरचा नंबरही जवळपास तेवढाच चुकतो. आणि कॉर्निया दाबाला दाद देतो. जड पापणी असलेल्या आजी मशीनच्या पट्टीला कपाळ लावून बसतात, भुवया ताणून डोळा उघडायचा प्रयत्न करतात, तरी पापणी खाली येतेच. मग ती मला बोटाने उचलावी लागते, पण बोट भुवईच्या हाडावर टेकवून. डोळ्यावर जरा जरी दाब पडला तरी आकडा हलतो. पापणीत मोठी गाठ झाली, जिला आपण सरसकट रांजणवाडी म्हणतो, तर तिच्या दाबानेही सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे कॉर्निया सगळ्या दिशांना सारखा गोल न राहिल्याने येणारा ठरावीक कोनातला नंबर, येऊ शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना माप घेण्याआधी काही दिवस, कडक लेन्स असेल तर काही आठवडे, ती काढून ठेवायला सांगतात, तेही याचसाठी.

मग वर्षानुवर्षं टेकलेली पापणी उचलली की तो दाब बदलणारच. फक्त कातडी काढली असेल तर सिलिंड्रिकल नंबरातला बदल बहुधा थोडा असतो. पापणी उचलणारा स्नायू घट्ट केला असेल तर जास्त, काहींच्या बाबतीत एक डायॉप्टरच्या पुढेही. सूज उतरून पापणी स्थिरावेपर्यंत तो बदलतच राहतो. माझे ३ महिने तिथून आले.

हा बदल सगळ्यांना सारखा जाचत नाही. साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरासाठीची, लेन्स असेल तर उरलेला नंबर चष्म्यात जातो, माणूस खूश असतो. तुमच्या आईचं बहुधा असंच झालं असावं, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण टोरिक लेन्स, म्हणजे सिलिंड्रिकल नंबरही घालवणारी, विशिष्ट कोनातच बसवतात. ती कोनापासून १ अंश सरकली की तिचा साधारण ३ टक्के गुण जातो, ३० अंश सरकली तर सगळाच. पापणीमुळे कॉर्नियाच्या सिलिंड्रिकल नंबराचा कोन बदलला तर लेन्स जागची न हलताही तेच होतं. चष्मा नको म्हणून महागडी टोरिक किंवा मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) लेन्स घेणाऱ्यांनी तर घाई मुळीच करू नये.

शिवाय आठ दिवसांत पापणीचे टाके कधी निघालेले असतात, कधी नसतात. ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला, तर ते जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या पापण्यांवरचेच असतात. ताज्या जखमेशेजारी डोळा उघडायची काय निकड? दोन्ही शस्त्रक्रियांनी डोळे कोरडे पडतात तेही आहेच, आणि कोरड्या डोळ्याचं माप भरवशाचं येत नाही.

मोतीबिंदू पिकला असेल, जिना उतरताना पायरी चुकत असेल, तर लेन्स आधी. तिथे पापणीसाठी थांबू नये. मात्र त्या ऑपरेशनमध्ये पापण्या क्लिपने ताणून धरतात, त्यामुळे नंतर पापणी थोडी खाली येऊ शकते. बहुतेकदा ती आपोआप वर जाते, म्हणून पापणीचे सर्जन ६ महिन्यांपर्यंत वाट पाहायला सांगतात. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दोन्ही डॉक्टरांना सांगायचं. मोतीबिंदूला ती बहुधा बंद करत नाहीत, पापणीच्या वेळी मात्र डोळ्यामागे रक्तस्राव झाला तर नजरेला धोका असतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही.

घाई कुठून येते तेही दिसतं मला. मोतीबिंदू थंडीतच काढायचा ही जुनी समजूत अजून गेलेली नाही, आणि तुळशीचं लग्न झालं की घरातल्या कार्याच्या तारखा निघतात. दोन्ही त्याच दोन महिन्यांत कोंबलं जातं. हल्लीचं ऑपरेशन जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून होतं. ते पावसाळ्यातही चालतं, उन्हाळ्यातही.

तुम्ही लिहिलंय की आईचा डावा डोळा पुढच्या महिन्यात आहे. दोन्ही डोळ्यांची मापं सहसा एकाच बैठकीत घेऊन ठेवतात, म्हणजे डाव्याचा कागद पापण्या होण्याआधीचा असू शकतो. कृपा करून त्यावरची तारीख बघा. आधीची असेल तर पापण्या केल्याचं मोतीबिंदूच्या सर्जनना सांगा, माप नव्याने घ्यायला लावा, आणि डॉक्टर म्हणाले तर तारीख पुढे ढकला. उजव्या डोळ्याला अपेक्षेपेक्षा किती नंबर आला तेही त्यांना दाखवा, डाव्याची लेन्स निवडताना ते कामी येतं.