तुमच्याकडे सायकलवर कोण हेल्मेट घालतं?

हा प्रश्न माझ्या मामाचा. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं तो मला विचारला, त्याला आता तीन आठवडे झाले, तरी तो माझ्या मनातून जात नाही.

झालं होतं एवढंच की मामेभावाच्या मोबाइलवर विनाहेल्मेटचं चलन आलं. मामानं ते ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "पुण्यात गाडी वीसच्या वर जातच नाही. हेल्मेट हायवेवर घालायचं असतं. आधी खड्डे बुजवा, मग आमच्या डोक्यांची काळजी करा." पाच मिनिटांत त्याला अकरा अंगठे मिळाले. मी लिहिलं, "मामा, चलन बरोबर आहे, भरून टाका आणि त्याला हेल्मेट घालायला सांगा." त्यावर मामाचं उत्तर आलं, "तुमच्या हॉलंडमध्ये सायकलवर कोण हेल्मेट घालतं गं? फोटोत तर कुणाच्याच डोक्यावर दिसत नाही. मग आम्हालाच का शिकवतेस?"

जवळजवळ कुणीच घालत नाही, हे खरं आहे. मीही घालत नाही. रोज सकाळी आइंडहोवनहून वेल्डहोवनला होवनरिंग या सायकलींच्या गोल पुलावरून जाते, तेव्हा पुढे बाकफीट्समध्ये, म्हणजे खोका जोडलेल्या सायकलीत, दोन पोरं बसवून चाललेली आई असते, सत्तरीच्या आजी असतात, एका हातात कॉफी घेऊन जाणारा पोरगा असतो. पाऊस असला तरी सगळी डोकी उघडी. इथले अपघाताचे डॉक्टर सायकलवाल्यांनीही हेल्मेट घालावं म्हणून सांगत असतात, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण २०२३ साली या देशात रस्त्यावर गेलेल्या ६८४ माणसांपैकी २७० सायकलवर होती. मामाला हा आकडा ठाऊक असता तर त्यानं तोही माझ्या तोंडावर मारला असता.

पण मामा फोटोत डोकी बघतो, रस्ता बघत नाही. त्या आजींच्या उजव्या-डाव्या हाताला ट्रक नाही. होवनरिंगवर गाड्या खालून जातात आणि आम्ही वरून. शाळेच्या गल्लीत गाडी तीसनं जाते. ही व्यवस्था देवानं हॉलंडला दिलेली नव्हती. १९७१ साली या छोट्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांच्या वर माणसं मेली, त्यातली चारशेहून जास्त लहान मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर येऊन बसले, 'स्टॉप दे किंडरमोर्ड', म्हणजे पोरांचे खून थांबवा, अशा नावाची चळवळ उभी राहिली, गल्ल्या अडवल्या गेल्या, वर्षानुवर्षं नगरपालिकांच्या मागे लागून एकेक चौक बदलून घेतला गेला. इथलं उघडं डोकं त्या भांडणातून मिळालेलं आहे. आणि जिथे इंजिन आहे तिथे ते अजूनही उघडं नाही. मोटरसायकलला इथे सत्तरच्या दशकापासून हेल्मेट आहे. ताशी पंचवीसनं जाणाऱ्या, निळ्या नंबरपाटीच्या स्नॉरफीट्सला, म्हणजे हलक्या मोपेडलासुद्धा, १ जानेवारी २०२३ पासून आहे. म्हणजे मामाच्या 'वीसच्या वर जात नाही'पेक्षा जेमतेम पाच जास्त.

पुण्यात मोर्चा काढता येत नाही असं कोण म्हणेल? १ जानेवारी २०१९ला पोलिसांनी कारवाई सुरू केली तेव्हा मी इथून बघत होते. हेल्मेटसक्तीच्या विरोधात कृती समिती होती, सभा होत्या, बातम्या होत्या, सगळ्या पक्षांची माणसं एका बाजूला आली होती. नोव्हेंबर २०२४मध्ये मागे बसणाऱ्यांवरही कारवाई करा असा आदेश निघाला तेव्हा पुन्हा तेच. माझा राग इथे आहे. 'आधी रस्ते नीट करा' म्हणणाऱ्या माणसांनी रस्त्यांसाठी एवढ्या संख्येनं कधी गर्दी केलेली मला आठवत नाही. सायकल ट्रॅकवर चारचाकी लावलेल्या दिसतात, पदपथावरून दुचाकी जातात, त्याबद्दल कृती समिती नाही. आपल्या डोक्याला हात लागला की मात्र आहे.

'हेल्मेटसक्ती' हा शब्दच मला खटकतो. मोटार वाहन कायदा १९८८चा, त्याचं १२९वं कलम चालवणाऱ्यालाही लागू आहे आणि मागे बसणाऱ्यालाही. लाल दिव्याला थांबणं कायद्यात आहे, त्याला आपण सिग्नलसक्ती म्हणत नाही. दहावीच्या परीक्षेला हॉलतिकीट लागतं, त्याला सक्ती म्हणत नाही. एकट्या हेल्मेटमागे आपण तो शब्द जोडला आणि मग एखाद्या परक्या राजवटीशी लढावं तसे लढत बसलो.

आणि तो वीसचा हिशेब. मी इंजिनिअर आहे, मला तो हिशेब सोडवत नाही. गाडी उभी आहे असं धरा. माणसाचं डोकं जमिनीपासून दीड मीटरवर असतं. तिथून ते सरळ खाली आलं तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी साधारण वीस किलोमीटर झालेला असतो. गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही, हा नुसता पडण्याचा वेग. हेल्मेटच्या आतला तो पांढरा थर्मोकोलसारखा थर दाबला जाऊन चेपतो आणि डोकं थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. सेकंदाचे काही हजारावे भाग, पण मेंदूला तेवढ्यानं फरक पडतो. नीट बसणारं आणि पट्टी लावलेलं हेल्मेट असेल तर मरणाची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची ६९ टक्क्यांनी कमी होते, असं जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो. पट्टी लावलेलं, हे महत्त्वाचं. चौक आला की टोपलं डोक्यावर ठेवायचं आणि चौक गेला की कोपरात अडकवायचं, त्यानं कोपर वाचतं.

मामाला मी हे सगळं लिहिलं नाही. त्याला आत्याची आठवण करून द्यायला हवी होती, तीही दिली नाही, कारण ग्रुपवर आत्या आहे.

आत्या मागे बसली होती, साडीत, एका अंगावर, हातात भाजीची पिशवी. काका गाडी हळूच चालवायचे, आयुष्यभर हळूच चालवली. सोसायटीच्या वळणावर नवा गतिरोधक घातला होता, पट्टे मारलेले नव्हते. ती मागे पडली, डोक्याचा मागचा भाग आपटला. अकरा दिवस दवाखाना. जगली, सगळ्यांना ओळखते, फक्त तिची वास घेण्याची शक्ती गेली. कायमची. आता फोडणी जळली तरी तिला कळत नाही, शेजारची माणसं येऊन सांगतात. गॅसचा वास येत नाही म्हणून तिला एकटीला ठेवत नाहीत. जिच्या हातच्या आमटीसाठी आम्ही भांडायचो, ती आता मीठ-तिखट मापून घालते आणि दुसऱ्याला चाखायला लावते. अपघाताच्या कुठल्याच आकडेवारीत तिला मृत म्हणून जागा नाही. २०२२च्या सरकारी अहवालात हेल्मेट नसताना मेलेली ५०,०२९ माणसं आहेत, त्यातली १४,३३७ मागे बसलेली. आत्यासारखी जगलेली किती, ते कुणी मोजावं?

हेल्मेटनं केस गळतात, घाम येतो, हॉर्न ऐकू येत नाही, ठेवायचं कुठे. ही कारणं मला पाठ आहेत कारण मीही ती दिली आहेत. कॉलेजला असताना मी स्कूटीवर स्कार्फ बांधून जायची, डोळे सोडून सगळं झाकलेलं, कोपरापर्यंत हातमोजे, वर उन्हाचा सनकोट. मे महिन्यात. तेव्हा गरम होत नव्हतं. धुळीनं रंग काळवंडेल याची भीती होती म्हणून तासन् तास तो स्कार्फ सहन केला, आणि डोकं फुटेल याची भीती कुणी घातलीच नाही म्हणून हेल्मेट घरी माळ्यावर राहिलं. पुण्यातल्या मुली उन्हापासून जेवढं जपतात त्याच्या निम्मं डांबरापासून जपतील तर किती बरं होईल.

इथेही सगळे शहाणे नाहीत, हेही सांगते, नाहीतर मामा म्हणेल मी लपवलं. स्नॉरफीट्सला हेल्मेट आलं आणि बऱ्याच जणांनी ती विकून इलेक्ट्रिक सायकल घेतली, कारण तिला हेल्मेट लागत नाही. आता जाड टायरच्या फॅटबाइकवर चौदा-पंधरा वर्षांची पोरं उघड्या डोक्यानं सुसाट जातात आणि त्यांना हेल्मेट लावायचं का यावर इथल्या संसदेत वाद चालतो. माझ्या शेजाऱ्याचा मुलगा त्यातलाच. त्याची आई मला म्हणाली, केस बिघडतात म्हणे त्याचे. ते ऐकून मला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं. पण तिनं वाक्य तिथे सोडलं नाही. पुढे म्हणाली, कायदा लवकर झाला तर बरं, माझं तरी भांडण वाचेल. कायद्याची अशी वाट बघणारी आई मला आमच्या ग्रुपवर दिसत नाही. आमच्याकडे मुलाचं चलन बाप छातीठोकपणे टाकतो.

एवढं बोलल्यावर जे सांगायचं टाळत होते ते सांगते.

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेले होते. दुसऱ्याच दिवशी तुळशीबागेत जायचं ठरलं. दादा म्हणाला, गाडीवर जाऊ, पार्किंग मिळायचं नाही. घरात हेल्मेट एकच. त्यानं ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "तू घाल, तुला सवय असेल." तुला सवय असेल, या शब्दांनी मला कसंतरी झालं. रिक्षावाला मीटरनं येतो का म्हणून मला आधी विचारतो, दुकानदार बिसलेरी पुढे करतो, वहिनी माझ्या भाजीत तिखट कमी घालते. आता दादासुद्धा. मी म्हटलं, "मी काय पाहुणी आहे का?" हेल्मेट मी हातात घेतलं नाही. ते पुढच्या हुकाला लटकलं आणि आम्ही दोघं उघड्या डोक्यानं सहकारनगरातून निघालो, सारसबागेवरून, पुढे बाजीराव रस्त्यानं. गार वारा होता, कुठेतरी भजी तळत होती, दादा मान मागे वळवून बोलत होता आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते, शाळेत असताना बसायची तशी. मला बारा वर्षांत एवढं त्या शहरातलं असल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

दीड मीटरचा हिशेब तेव्हाही मला येत होता. आत्या तेव्हाही ठाऊक होती. इथे मी मुलाकडून शाळेतल्या वाहतूक-नियमांच्या चाचणीआधी दहा वेळा सिग्नलचे नियम घोकून घेते, आणि तिथे दादाचं उघडं डोकं माझ्यासमोर वीतभर अंतरावर हलत होतं आणि मी त्याला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी हॉलंडहून आलेली झाले असते.

मामा हेच करतो का? त्याचं वय झालं, पेठेतला वाडा गेला, शहर ओळखीचं राहिलं नाही, आणि उरलेल्या शहरात स्वतःच्या मर्जीनं उघड्या डोक्यानं फिरणं हे त्याच्या हातात राहिलेलं आहे. मला त्याचं म्हणणं पटत नाही, कधीही पटणार नाही. पण तो कशाला धरून बसला आहे ते मला बाजीराव रस्त्यावर कळलं, कारण मीही तेच धरून बसले होते.

मी तिथे राहत नाही, कर तिथे भरत नाही, त्या खड्ड्यातून माझी गाडी जात नाही. मामा म्हणतो तसं, मला बोलायचा अधिकार काय? अधिकाराचं मला माहीत नाही. रात्री अकरानंतर फोन वाजला की पुण्यात अडीच-साडेतीन झालेले असतात आणि नाव बघायच्या आधी माझ्या पोटात गोळा येतो, एवढं माहीत आहे.

रविवारी मी ग्रुपवर नाही, दादाला फोन केला. म्हटलं, घरात अजून तीन घेऊन ठेव, आयएसआय छापाची, पट्टी तपासून, रस्त्याच्या कडेची दोनशेवाली नकोत. वहिनीला एक, काकाच्या गाडीवर आत्यासाठी एक.

"आणि तिसरं कुणाला?"

"मला."

"वर्षातून पंधरा दिवसांसाठी?"

"हो. माझे कपडे आहेत ना अजून कपाटात, तसं तेही राहू दे दाराशी."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, माप सांग, सैल असलं तर उपयोग नाही. मी टेप आणली, भुवईच्या वरून डोक्याभोवती फिरवली आणि त्याला सांगितलं, छप्पन्न सेंटिमीटर.