रेंज नव्हती पण अभ्यास थांबला नाही

एका लेखात वाचलं की कोरोनात गावाकडची मुलं अभ्यासापासून तुटली, मला नाही पटत. आमच्या दापोलीत ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, नारळ-पोफळी आडव्या झाल्या, कितीतरी दिवस लाईट नाही, मग कसलं ऑनलाईन! मुलगी दहावीत, सर सोमवारी व्हॉट्सअ‍ॅपवर आठवड्याचा अभ्यास टाकायचे नि शनिवारी वहीचे फोटो मागायचे, रेंजसाठी पोरं भर पावसात छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या माळावर जायची. फोन नसलेल्यांना सर स्वतः घरी जाऊन झेरॉक्स द्यायचे, हे कुणीच लिहीत नाही हो.

नंतर २०२१ ची परीक्षाच रद्द, १०० पैकी ५० गुण नववीचे धरले. पास झाली, पण पेपर लिहायला मिळाला नाही म्हणून खूप रडली ती.