दणकट प्रकृतीलाही अमीबा जुमानत नाही

पावसाळा लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज फिरतो: ‘प्रतिकारशक्ती दणकट असेल तर अमीबा पोटात टिकतच नाही. आव पडली तर काढा पुरे. नळाला क्लोरीन आहे, पाणी उकळू नका.’ तिन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि तिसरं तर घरच्या सगळ्यांनाच भोवू शकतं.

‘टिकतच नाही.’ बहुतेकांना अमीबा असूनही त्रास होत नाही, म्हणून हे खरं वाटतं. पण आव पाडणारा हा अमीबा, म्हणजे एन्टामिबा हिस्टोलिटिका हा एकपेशीय परजीवी, आधी वाट मोकळी करून घेतो. त्याची सिस्टीन प्रोटिएज ही प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) आतड्यावरचा बुळबुळीत थर विरघळवतात आणि आयजीए, आयजीजी या प्रतिपिंडांचे तुकडे पाडतात. मग तो आतड्याच्या पेशीला चिकटतो. पेशीतलं कॅल्शियम वाढतं आणि जिवंत पेशीचे लचके तोडत तो तिला मारतो. हे लचके तोडणं 2014 साली उघड झालं. शरीराच्या भक्षक पेशी त्याला नायट्रिक ऑक्साइडने मारतात, पण ते बनवायला लागणारं आर्जिनिन हे अमिनो आम्ल अमीबाचं आर्जिनेज हे विकर आधीच फस्त करतं. धावून आलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी फुटल्या की त्यांचीच विकरं आतड्याला जाळतात.

अमीबा यकृतात पोचला की होणारं गळू तर धडधाकट, कर्त्या वयाच्या पुरुषांतच जास्त दिसतं. सुईने काढलेला तो तपकिरी ‘पू’ खऱ्या अर्थाने पू नसतोच. त्यात पांढऱ्या पेशी तुरळक, बाकी सगळं मेलेलं यकृत.

‘काढा पुरे.’ नाही. मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल आतड्याच्या भिंतीतला अमीबा मारतं; आतड्याच्या पोकळीतल्या कोशांसाठी (जाड कवचातला, सुप्त अमीबा) त्यानंतर डायलॉक्सनाइडसारखं दुसरं औषध लागतं, साधारण 10 दिवस. जुलाब थांबले म्हणून हे दुसरं औषध अर्ध्यावर सोडणं, ही नेहमीची चूक. आणि रक्त पडतंय म्हणून आतड्याचा दुसराच दाह समजून, अमीबाची तपासणी न करताच स्टेरॉइड सुरू केलं, तर आतड्याला भोक पडू शकतं.

‘उकळू नका.’ नळाच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला कोशाचं जाड कवच दाद देत नाही. पाणी खळखळ उकळू लागलं की पुढे पूर्ण एक मिनिट ठेवा, झाकूनच गार करा आणि त्यात हात न बुडवता ओगराळ्याने घ्या.

तपासणीला शौच कोरड्या, रुंद तोंडाच्या डबीत घ्या. लघवी मिसळू देऊ नका. रक्त-आव असलेला भाग निवडा आणि अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचवा. उशीर झाला की अमीबाची हालचाल थांबते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो त्या हालचालीवरूनच पटकन ओळखू येतो.