घड्याळी तासाच्या नव्या मास्तरांस

गेल्या शनिवारी मला शिकवायला शिकवण्यात आलं. तासिका तत्त्वावर नऊ वर्षं रसायनशास्त्र शिकवून झाल्यावर. 'नवनियुक्त अध्यापकांसाठी एकदिवसीय उद्बोधन कार्यशाळा'. आता नऊ वर्षांनी मी नवनियुक्त कशी, तर दरवर्षी एप्रिलमध्ये मी संपते आणि पावसाळ्यात पुन्हा उगवते. कुत्र्याच्या छत्रीसारखी.

वेळ साडेदहाची होती, पाहुणे पावणेबाराला आले. समई विझू नये म्हणून पंखे बंद केले, ते चहापर्यंत कुणी लावले नाहीत. मग पाहुण्यांनी 'विद्यार्थीकेंद्री अध्यापन' या विषयावर चौसष्ट स्लाइड वाचून दाखवल्या. वाचून म्हणजे शब्दन्‌शब्द, पडद्याकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून. 'व्याख्यान पद्धत आता कालबाह्य झाली आहे' हे वाक्य त्यांच्या दोन तासांच्या व्याख्यानात तीनदा आलं. माझ्या शेजारी यंदाच लागलेली एक मुलगी बसली होती. पीएचडी चालू आहे तिची. ती बिचारी सगळं वहीत उतरवून घेत होती, समासबिमास आखून.

त्या वहीत जे आलं नाही ते इथे सांगते. समस्त नवोदितांनी लाभ घ्यावा.

प्रथम अभिनंदन! पहिलीच्या पोरांना शिकवायला डीएड लागतं, वर टीईटी लागते. दहावीला शिकवायचं तर बीएड. रिक्षा चालवायची तरी परवाना आणि बॅज लागतो. तुम्ही मात्र थेट वर्गात. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, त्यांच्या पहिल्या पेपरात पन्नास प्रश्न असतात, त्यातले थोडे अध्यापनाविषयी असतात, तेवढं झालं की झालात तुम्ही शिक्षक. त्या प्रश्नांना चार पर्याय असायचे. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून कोंबडा आरवेल तेव्हाही तुमच्यापुढे चारच पर्याय असतील, आणि बरोबर उत्तर 'यांपैकी नाही' हे असेल.

खडू स्वतःचा ठेवा. डस्टरही.

मुलाखत दरवर्षी होईल. ज्यांच्या डब्यातली भाजी तुम्ही कालपर्यंत खाल्ली तेच गंभीर चेहऱ्यानं विचारतील, 'आपल्याविषयी थोडं सांगा.' सांगा.

'पगार' हा शब्द विसरा. मानधन. आधी मान, मग धन, आणि बिलंही याच क्रमानं निघतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला १५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० असं ठरवून दिलं होतं. पत्रक वाचायला छान आहे, मन रमतं. आपल्याकडे हिशेब घड्याळी तासाचा. वर्गातला तास ४८ मिनिटांचा आणि घड्याळातला ६० चा, म्हणून पाच तास घशाची शीर ताणलीत की बिल चार तासांचं. उरलेली मिनिटं ज्ञानदान. उत्तरपत्रिका तपासणं, जर्नल तपासणं, पेपर काढणं, सुपरव्हिजन हे सगळं त्याच दानात धरा.

फोटो मात्र काढा. तास झाला नाही तरी चालेल, फोटो झाला पाहिजे, आणि फोटोवर अक्षांश-रेखांश उमटले पाहिजेत. कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकवाल्यांना तुम्ही पृथ्वीवर नेमक्या कुठे शिकवत होतात ते कळतं. काय शिकवत होतात ते फोटोत येत नाही. मंद गतीच्या विद्यार्थ्यांची यादी, तल्लख विद्यार्थ्यांची यादी, मेंटॉर-मेंटी रजिस्टर, सगळं गेल्या वर्षीच्या फायलीत आहे, नावं तेवढी बदला. आमच्याकडे एकानं तीही बदलली नव्हती. चाललं.

आता प्रॅक्टिकल. याबद्दल जरा बसून बोलू.

आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत असं आहे की संशोधक विद्यार्थ्याला त्याच्या विषयाचं अध्यापन शिकवलं जावं, आणि आठवड्याला चार ते सहा तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा, तपासणी असं कामही त्याला देता येईल. काम देण्याचा भाग आमच्या विभागाला तोंडपाठ आहे. शिकवण्याच्या भागासाठी शनिवारची कार्यशाळा.

माझी पहिली बॅच मला लख्ख आठवते. एमएस्सी होऊन तीन महिने झाले होते. हातात हजेरीपट ठेवून सर म्हणाले, 'जा, मामा आहेत तिथे.' मामा म्हणजे आमच्या लॅबचे अटेंडंट. एफवायची, म्हणजे पहिल्या वर्षाची, वीस मुलं, आठ ब्युरेट (द्रावण मोजून थेंबथेंब सोडायच्या काचेच्या नळ्या), त्यातल्या तीन गळक्या. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन. एका पोरानं विचारलं, 'मॅडम, रीडिंग द्रावणाच्या वरच्या कडेचं घ्यायचं की खालच्या?' मी झोकात म्हटलं, 'खालच्या. बारावीला केलं नाही का?' पोरगं वाकून वाकून बघतंय, खालची कड काही त्याला दिसेना. परमँगनेट इतकं गडद जांभळं असतं की खालची कड दिसतच नाही. मला एनएमआरसारख्या बड्या यंत्राचे आलेख वाचता येत होते आणि हे ठाऊक नव्हतं. म्हणजे मी स्वतः केलं होतं कधीतरी, पण वीस जण तोंडाकडे बघत असताना डोकं रिकामं होतं. तेवढ्यात मामा काचा पुसायचं निमित्त करून मागे आले आणि माझ्या कानाशी पुटपुटले, 'बाई, रंगीत असलं की वरची.'

अर्धं मिनिट. ना समई ना शाल ना नारळ. अध्यापनाचं जे काही प्रशिक्षण मला आजवर मिळालं ते एवढंच, आणि ते आठवी पास माणसानं दिलं. आवाज खाली कसा ठेवला होता त्यांनी, मुलांना कळू नये म्हणून! ते चौसष्ट स्लाइडमध्ये कुठे होतं?

मामा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जागा भरलेली नाही.

म्हणजे त्या मुलीच्या मागे काचा पुसायलाही कुणी नाही. आणि तिला शनिवारी काय सांगितलं? ब्लूम नावाच्या शिक्षणतज्ज्ञाची शिकण्याच्या सहा पायऱ्यांची उतरंड, सप्तरंगी. पहिल्या दिवशी पोरींना ओढण्या आणि केस बांधायला लाव, हे कुणी सांगितलं का? पिपेट कुणालाही तोंडानं ओढू देऊ नकोस? अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडात नाही, हे मुलांना पाठ असतं पण हात उलटाच जातो, म्हणून बाटलीजवळ उभी राहा? गॅसची मुख्य कळ दाराच्या मागे आहे आणि ती अर्धी फिरवून थोडी दाबावी लागते? नाही. ती कळ कुठे आहे हे त्या सभागृहात मला आणि लॅबमधल्या आणखी दोघांनाच माहीत होतं, आणि आम्ही तिघंही समोसा खात होतो.

उद्या कुणाच्या डोळ्यात काही उडालं तर नोटीस मात्र तिच्याच नावे निघेल.

शेवटी पाहुण्यांनी 'काही शंका?' असं विचारलं. हा प्रश्न विचारायचा असतो, त्याचं उत्तर द्यायचं नसतं, हे नवोदितांनी ध्यानात ठेवावं. तिला माहीत नव्हतं. उठली. म्हणाली, 'सर, माझ्या एफवायच्या वर्गात निम्मी मुलं मराठी माध्यमातून आलीत. पुस्तक इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. मराठीत समजावलं तर त्यांना कळतं, पण पेपरात लिहिता येत नाही. इंग्रजीत शिकवलं तर दिवाळीनंतर ती येतच नाहीत. मी काय करू?'

सर म्हणाले, 'अतिशय सुंदर प्रश्न आहे. वेळेअभावी आपण त्यावर नंतर बोलू. भोजनाची व्यवस्था खाली आहे.'

जेवणात जिलबी होती.

अहो, अख्ख्या कार्यशाळेत तेवढा एकच खरा प्रश्न आला होता! तो तुम्ही जिलबीखाली दाबलात. वर्गातली निम्मी पोरं गळतात ती काही उनाड म्हणून नाही. तुम्हाला उत्तर येत नव्हतं, ठीक आहे, मलाही नीट येत नाही. पण 'मलाही येत नाही, चला, बसून बघू' एवढं म्हणायला काय जात होतं? त्या खोलीत तीस-तीस वर्षं शिकवलेली माणसं होती. कुणी एकानं उठून सांगायचं होतं की मी असं करून बघितलं, हे फसलं, ते जमलं. कुणी तोंड उघडलं नाही. विभागप्रमुख मोबाइल बघत होते. आणि प्रमाणपत्र हवं तर आधी अभिप्रायाचा फॉर्म भरायचा, त्यात 'कार्यशाळेमुळे आपल्या अध्यापनात किती सुधारणा झाली?' कधी होणार सुधारणा, जेवताना?

मीसुद्धा त्यातलीच. नऊ वर्षांत कितीतरी नवी पोरं आली-गेली, त्यांतल्या एकाच्याही पहिल्या प्रॅक्टिकलला मी शेजारी जाऊन उभी राहिले नाही. त्याचं बिल निघत नाही म्हणून. लाज वाटायला पाहिजे होती, ती परवा वाटली.

तर साहेब, पुढच्या महिन्यात दुसरी कार्यशाळा आहे असं ऐकते. नका घेऊ. मंगळवारी अकरा वीसला चौदा नंबरच्या खोलीत त्या मुलीचा तास असतो. या, आणि मागच्या बाकावर बसा. पाच मिनिटांनी फोन काढू नका, पूर्ण ४८ मिनिटं बसा. मग तिच्या प्रश्नाचं काय ते बोला. आणि येताना खडू घेऊन या, तिथे नसतो.