व्हीएममधलं डीएचसीपी बंद करू नका, आधी मशीन-आयडी बघा

"आत्या, माझ्या व्हीएममधल्या फाइली कुणीतरी उडवल्यात." रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारा दुसरा संगणक. इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष, होस्टेलवर राहतो, दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टचा डेमो. फाइली कुणीच उडवल्या नव्हत्या. तो दुसऱ्याच मुलाच्या मशीनमध्ये लॉगिन होऊन बसला होता आणि ते त्याला कळलंही नव्हतं. फोन करण्याआधी, नको असलेलं काहीतरी समजून त्यानं तिथला एक फोल्डर काढूनही टाकला होता.

कारण काय, तर त्यांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज. मलाही तो आठवडाभरात तिघांकडून आलाय. त्यात म्हटलंय: व्हर्च्युअल मशीनमध्ये डीएचसीपी (नेटवर्कवरच्या मशीनना आयपी, म्हणजे पत्ते, आपोआप वाटणारी पद्धत) भरवशाचं नसतं. क्लोन (मशीनची हुबेहूब प्रत) केलं की दोघांना एकच आयपी मिळतो, हा डीएचसीपीचा बग आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) सगळीकडे १०.०.२.१५ दिसतो, तो डुप्लिकेट आहे, हातानं बदला. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. स्नॅपशॉटवरून (मशीनची जतन केलेली स्थिती) मशीन परत आणलं की आयपी मरतो. उपाय एकच, डीएचसीपी बंद करा आणि १९२.१६८.१.१०० हा स्टॅटिक (हातानं टाकलेला, कायमचा) आयपी टाका. सगळ्या मित्रांना पाठवा.

शेवटच्या दोन वाक्यांपासूनच सुरू करते, कारण नुकसान तिथं झालंय. एकच आकडा लिहायचा आणि तो सगळ्यांना पाठवायला सांगायचं, याचा अर्थ कळतो का? होस्टेलच्या त्या मजल्यावर सगळ्या खोल्या एकाच स्विचवर आहेत आणि पोरांनी व्हीएम ब्रिज्ड, म्हणजे थेट त्याच नेटवर्कला जोडून, ठेवलेल्या. निदान पाच जणांनी मेसेज वाचून तोच पत्ता टाकला. भाच्याला मी लॅपटॉपवर एआरपीची यादी (कोणता आयपी कोणत्या मॅक पत्त्याकडे आहे याची नोंद) काढायला लावली, थोड्या वेळानं पुन्हा काढायला लावली. १९२.१६८.१.१०० समोरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा स्वतःचा क्रमांक) दर वेळी वेगळा. सुरुवात तीच, ०८:००:२७, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सची खूण, पण शेवटचे आकडे बदलत होते. ज्याचं उत्तर लॅपटॉपनं धरलं त्याच्या मशीनमध्ये हा पोहोचायचा. सगळ्यांनी कॉलेजनं दिलेली एकच इमेज (तयार मशीनची फाइल) वापरलेली, त्यामुळे युजर तोच, पासवर्ड तोच. एसएसएचची होस्ट-कीसुद्धा (दुरून लॉगिन करताना मशीनची ओळख पटवणारी किल्ली) इमेजबरोबर आलेली, म्हणून "या होस्टची ओळख बदलली आहे" असा इशाराही आला नाही. त्यात भर म्हणजे बऱ्याच घरगुती राउटरांत डीएचसीपीचं वाटप १०० पासूनच सुरू होतं. तुम्ही हातानं टाकलेल्या पत्त्याची राउटरच्या खात्यात नोंद नसते. तो तोच पत्ता उद्या कुणाच्या फोनलाही देऊ शकतो.

आता क्लोनचा मुद्दा. दोन क्लोनना एकच आयपी मिळतो, हे अगदी खरं आहे, मीही पाहिलंय. पण तो डीएचसीपीचा बग नाही. डीएचसीपीचा मूळ दस्तऐवज, राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला आरएफसी २१३१, मार्च १९९७ पासून सर्वांसाठी खुला आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की क्लायंटनं, म्हणजे पत्ता मागणाऱ्या मशीननं, स्वतःचा ओळख-क्रमांक पाठवला तर सर्व्हरनं, म्हणजे पत्ता देणाऱ्यानं, त्यावरूनच त्याला ओळखायचं. तो पाठवला नाही तरच मॅक पत्ता बघायचा. उबुंटू सर्व्हर या लिनक्समध्ये १८.०४ आवृत्तीपासून नेटवर्कचं काम सिस्टमडी या प्रोग्रॅमकडे आहे आणि ते हा क्रमांक मशीन-आयडीवरून बनवतं. मशीन-आयडी म्हणजे इटीसी फोल्डरमधली ३२ अक्षरांची एक ओळ. इमेज कॉपी झाली की ती ओळही जशीच्या तशी कॉपी होते. मॅक वेगळा, पण ओळख एकच. "मीच तो मघाचा" असं दोन मशीन सांगतायत, तर राउटर दोघांनाही तोच पत्ता देणार. त्यानं नियम पाळलाय. चूक आपण दोघांना एकच ओळखपत्र दिलं यात आहे. डीएचसीपी बंद करणं म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

भाच्याकडून रात्री ही ओळख वेगळी करून घेतली, ती अशी. मशीन-आयडीची फाइल उडवायची नाही, रिकामी करायची. डीबसच्या (प्रोग्रॅमना आपसात बोलू देणारी सेवा) फोल्डरमध्ये तिची वेगळी प्रत आहे का ते बघायचं, कारण असेल तर तिथून जुनाच आकडा परत येतो. ती काढून त्या जागी मूळ फाइलची लिंक ठेवायची. एसएसएचच्या होस्ट-की नव्यानं बनवायच्या. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूची नेटवर्क सेटिंग) डीएचसीपी पुन्हा चालू करून रीबूट. पहिल्याच झटक्यात त्याला वेगळा पत्ता मिळाला, शेजारच्या खोलीतल्या मुलाला वेगळा. ज्यांना मशीन-आयडीला हात लावायचा नाही त्यांनी नेटप्लॅनमध्ये डीएचसीपीची ओळख मॅकवरून द्यायला सांगावं, एका ओळीचं काम आहे.

१०.०.२.१५ बद्दल फार लिहायची गरज नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमध्ये (व्हीएमला मुख्य मशीनच्या आडून इंटरनेट देणारी पद्धत) प्रत्येक मशीनला स्वतःचं बंदिस्त जाळं मिळतं. त्यात गेटवे १०.०.२.२ आणि मशीन १०.०.२.१५. दोन मशीन एकमेकांना दिसतच नाहीत, तर टक्कर कुठून होणार? तो आकडा बदलून काहीच साधत नाही.

१६९.२५४ आणि व्हायरसचा काहीही संबंध नाही. डीएचसीपीला कुणी उत्तर दिलं नाही की मशीन स्वतःच त्या पट्ट्यातला एक पत्ता घेतं, २००५ पासून त्याचाही आरएफसी आहे, ३९२७. प्रश्न उत्तर का आलं नाही हा. वायफायवर ब्रिज केलं असेल तर ॲक्सेस पॉइंट अनोळखी मॅकची पाकिटं घेत नाही, तिथं नॅट वापरा. लिनक्सचा ब्रिज हातानं बनवून त्यात एसटीपी (जाळ्यात डेटा गोल फिरत राहू नये म्हणून असलेली सोय) चालू ठेवलं असेल तर पोर्ट खुलं व्हायला साधारण ३० सेकंद लागतात, तोवर क्लायंट थकून गप्प बसलेला असतो. फॉरमॅट मारून यातलं काहीही सुटत नाही, दिवस तेवढा जातो.

स्नॅपशॉटबद्दल मात्र मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. लीज, म्हणजे पत्ता वापरायची मुदत, निम्मी संपली की क्लायंट त्याच सर्व्हरकडे नूतनीकरण मागतो, ८७.५ टक्के संपली की सगळ्यांना हाक मारतो. मशीन सेव्ह करून दोन दिवसांनी उघडलं तर मधले दोन दिवस त्याच्या घड्याळात नसतातच. ते जुना पत्ता आपलाच समजतं आणि तोवर सर्व्हरनं तो दुसऱ्याला दिलेला असू शकतो. याला उपाय म्हणजे मशीन उघडल्यावर लीज नव्यानं मागायची, नेटवर्कसीटीएलच्या रिन्यू कमांडनं ते होतं. आणि पत्ता कायम तोच हवा असेल, डेटाबेस सर्व्हरसाठी वगैरे, तर डीएचसीपी सर्व्हरवरच त्या मॅकसाठी तो राखून ठेवा. मग नोंद एकाच जागी राहते. हायपर-व्हीच्या (विंडोजमधली व्हीएम चालवायची सोय) डिफॉल्ट स्विचवर तर हातानं टाकलेला पत्ता टिकेल याची खात्रीच नाही. मुख्य मशीन रीस्टार्ट झालं की तिथलं सबनेटच, म्हणजे पत्त्यांचा पट्टाच, बदलू शकतं.

भाच्याचा डेमो झाला. ज्याचा फोल्डर गेला त्या मुलाकडे चार दिवसांपूर्वीची प्रत होती, मधलं काम त्यानं पुन्हा केलं. ज्यांनी ती इमेज बनवून सगळ्या वर्गाला वाटली त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पुढच्या बॅचला देण्याआधी त्या एका मूळ मशीनमध्ये मशीन-आयडी रिकामी करा, होस्ट-की काढा, पहिल्या बूटला त्या नव्यानं बनतील एवढी सोय करा आणि मशीन बंद करूनच इमेज काढा. मध्ये एकदा जरी ते सुरू केलंत तरी नवा आयडी तयार होऊन बसेल आणि तोच पुन्हा सगळ्यांकडे जाईल.