पोस्टिंगला आलेल्या मुलीला लॅबला पिटाळू नका

सीईटीचा निकाल लागला की माझ्या फोनला उसंत नसते. नात्यातल्या, बिल्डिंगमधल्या, गावाकडच्या कोणाच्या तरी मुलीला नर्सिंगला घालायचं असतं, आणि ओळखीत स्टाफ नर्स मी एकटी. प्रश्न ठरलेले. फी किती, होस्टेल कसं, पुढे बाहेरच्या देशात जाता येतं का. कॉलेजचे फोटो पण पाठवतात, चकाचक लॅब, प्लास्टिकचा पुतळा, त्याला लावलेली सलाईन. मी उलट विचारते, "पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष शिक्षण, कुठे आहे?" तर उत्तर येतं, "हॉस्पिटलशी टायअप आहे म्हणाले ते."

अहो, टायअप कोणाशी, ते तर बघा! बी.एस्सी. नर्सिंगच्या कॉलेजला किमान शंभर खाटांचं हॉस्पिटल हवं आणि एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट हवेत, असं इंडियन नर्सिंग कौन्सिल सांगतं. कागदावर शंभर खाटा असतातच. त्यावर माणसं आहेत का, हे एखाद्या सकाळी ओपीडीच्या वेळेला स्वतः जाऊन बघून यायचं. अर्ध्या खाटा रिकाम्या असल्या की एका पेशंटच्या दंडाला पाच मुली आळीपाळीने बीपीचा पट्टा बांधतात. पेशंट वैतागतो आणि मुलींना काही कळत नाही ते नाहीच.

मुंबईत केईएम, सायन, नायर, जे.जे. अशा मोठ्या सरकारी-पालिका हॉस्पिटलांत पोस्टिंग असेल तर पेशंटचा तुटवडा नाही. पण नुसती गर्दी म्हणजे अनुभव नव्हे, आणि ही पोस्ट खरं तर त्यासाठीच लिहितेय. गर्दीच्या वॉर्डात विद्यार्थिनी आली की पहिल्या तासाभरात तिची हमाल होते. मामा (वॉर्डबॉय) रजेवर आहेत, सँपल लॅबला दे. रिपोर्ट आण. ब्लड बँकेत जाऊन ये. बसली आहेस तर हे रजिस्टर उतरवून काढ. दुपारी दोनला ती घामाघूम होऊन निघते, लॉग बुकात (पोस्टिंगच्या नोंदवहीत) सहा तास भरतात, आणि तिने दिवसभरात एकाही पेशंटशी धड दोन वाक्यं बोललेली नसतात.

आम्ही स्टाफ वाईट असतो म्हणून हे होत नाही. टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स असावी, हा कौन्सिलचा निकष. रात्रपाळीला जमिनीवरच्या गाद्यांसकट पूर्ण वॉर्ड दोघींनी सांभाळलेल्या कोणालाही तो निकष वाचून दाखवा, ती हसेल. माणसं कमी, म्हणून मिळेल तो हात आम्ही ओढून घेतो. पण त्यात आपण नेमकं काय वाया घालवतो ते सांगते.

टीपीआर चार्ट बघा. टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. त्यात श्वासाचा कॉलम वरपासून खालपर्यंत वाचा. वीस, वीस, अठरा, वीस. अख्ख्या वॉर्डाचा श्वास एका लयीत चालू आहे जणू! कारण पूर्ण एक मिनिट थांबून श्वास मोजायला कोणाकडे वेळ नसतो. मशीन बीपी, पल्स, सॅच्युरेशन देतं, श्वास मात्र डोळ्यांनीच मोजावा लागतो. तोही पेशंटला कळू न देता, मनगटावर बोटं तशीच ठेवून छातीकडे बघत. कळलं की माणूस नीट श्वास घ्यायला लागतो.

आमच्याकडे एकदा पहिल्या वर्षाची एक मुलगी आली होती. गप्प गप्प, डोंबिवलीहून यायची, घड्याळाचा पट्टा सैल म्हणून ते युनिफॉर्मला पिनने लावलेलं. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाबांचा श्वास तिने मोजला, मिनिटाला चौतीस आला. वर चार्टवर ओळीने वीस. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "स्टाफ, माझं चुकत असेल, पण मी दोनदा मोजलंय." बाबा शांत पडलेले, बघणाऱ्याला झोपलेत असंच वाटावं. मी जाऊन पाहिलं तर मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला आत ओढले जात होते. रेसिडेंट डॉक्टरला बोलावलं, ऑक्सिजन लावला, न्यूमोनिया निघाला, संध्याकाळपर्यंत बाबा आयसीयूत. तिने फार मोठं काही केलं नव्हतं. वॉर्डात आमच्या कोणाकडेच नसलेली एक गोष्ट तिच्याकडे होती, वेळ. आणि तोच वेळ आपण लॅबच्या खेपांत घालवतो.

स्पंजिंग आणि बॅक केअरचंही तेच. मुलींची कुरकुर असते, घरच्यांचीही असते, "एवढी फी भरून आमची मुलगी अंग पुसते?" हो, पुसते. कूस वळवल्याशिवाय माकडहाडावरचा लाल डाग दिसत नाही. त्यावर बोट दाबून उचललं आणि लाली गेली नाही, तर ती बेडसोअरची पहिली पायरी. इथेच दर दोन तासांनी कूस बदलली तर पुढचं टळतं. हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी नर्स अरुणा शानबाग यांना केईएमच्या नर्सेसनी १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्यांच्या सेवेचं कौतुक केलं, इतकी वर्षं अंथरुणात असूनही अंगावर बेडसोअर नाहीत याची दखल घेतली. हे कोणत्या मशीनने केलं? रोजच्या रोज कूस बदलणाऱ्या, पाठ पुसणाऱ्या हातांनी.

मोठ्या खाजगी हॉस्पिटलांची तऱ्हा उलटी. तिथे मुलींना भिंतीला लागून उभं करतात. पेशंटने पैसे मोजलेत, विद्यार्थिनीने हात लावलेला त्याला चालत नाही, हे मला समजतं. पण तिथून शिकून आलेली मुलगी पहिल्या नोकरीत सलाईनचा सेट हातात घेऊन थरथरते, याला ऑब्झर्व्हेशन म्हणायचं का? आणि आठवड्याच्या शेवटी लॉग बुकावर एकगठ्ठा सह्या, ते तर सगळीकडेच.

शेवटच्या सेमिस्टरची इंटर्नशिप बावीस आठवड्यांची, आठवड्याला ४८ तास. शिकायला याहून चांगला काळ नाही. पण कित्येक ठिकाणी ऑफ ड्युटी (ड्युट्यांचा तक्ता) लावताना या मुली सरळ स्टाफमध्ये धरतात. तिला स्टाफच्या हाताखाली द्या, हव्या तेवढ्या नाइट द्या, पण स्टाफच्या जागी उभी करू नका. रात्री अडीचला पेशंट बिघडला तर तिने कोणाकडे बघायचं?

मुलींनो (आणि ब्रदर लोकहो, तुम्हीही), थोडं तुमच्यासाठी. हेपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस पोस्टिंगआधी सुरू करा, शून्य, एक आणि सहा महिने असा कोर्स असतो. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, सुई थेट पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर बोट पिळत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला सांगा, ओरडा बसला तरी. एचआयव्ही टाळायची औषधं लागली तर ती पहिल्या दोन तासांत सुरू झालेली बरी, ७२ तासांनंतर उपयोग नसतो. आणि युनिफॉर्म हॉस्पिटलात बदला हो. वॉर्डातले कपडे घालून साडेसातची लोकल पकडायची नसते.

आता नाजूक विषय. कॉलेज करता करता बऱ्याच मुली उपनगरातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करतात. पैशांची गरज असते, 'अनुभव पण मिळतो' हेही असतं. गरज मी नाकारत नाही. पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तुमची नोंदणी अजून झालेली नाही. तिथे डॉक्टर फोनवर सांगणार, इंजेक्शन तुम्ही देणार, आणि काही कमीजास्त झालं की मालक म्हणणार, ती आमची स्टाफ नव्हतीच. पैसेच हवे असतील तर नर्सिंग ब्युरोमार्फत घरच्या पेशंटजवळ बसायचं काम घ्या, भरवणं, फिरवणं, कूस बदलणं एवढंच, इंजेक्शनला हात लावायचा नाही हे आधीच सांगून.

आमच्या वॉर्डात पुढच्या महिन्यात नवीन बॅच येतेय. इन्चार्ज सिस्टरशी बोलून ठेवलंय, सकाळी पहिले दोन तास एकाही मुलीला वॉर्डाबाहेर पाठवायचं नाही, प्रत्येकीला तीन पेशंट वाटून द्यायचे, श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा. त्या हो म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, "मग सँपल कोण नेणार?" मामांच्या रिकाम्या जागांसाठी अर्ज दिलाय आम्ही. बघू.