"सगळ्यांकडे फोन आहे, मग प्रेस फोटोग्राफर कशाला?" अहो, थांबा जरा

मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, घटना घडते तिथे कोणी ना कोणी असतंच, डिजिटलमुळे काम म्हणजे नुसतं बटण दाबणं उरलंय, नेटवर फुकट फोटोंचा ढीग पडलाय, तेव्हा पेपरवाल्यांनी पगारी फोटोग्राफर पोसायचे कशाला. खाली धडाधड अंगठे. मी बरीच वर्षं फोटो डेस्कवर, म्हणजे आलेले फोटो निवडणाऱ्या-तपासणाऱ्या विभागात काढलीयेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी ते बटणाचं घेऊ. रोलच्या काळात एका रोलमध्ये ३६ फ्रेम असायच्या, फोटोग्राफर येऊन रोल डार्करूममध्ये द्यायचा, मोठ्या पेपरांत डेव्हलप करणारा वेगळा, प्रिंट काढणारा वेगळा, कॅप्शन तपासणारा वेगळा. ती माणसं गेली, त्यांची कामं मात्र राहिली आणि सगळी एकाच्या गळ्यात पडली. आजचे स्पोर्ट्सचे कॅमेरे सेकंदाला ३० फ्रेम सहज मारतात, म्हणजे दहा सेकंद बटण दाबून धरलं की ३०० फोटो, त्यातला एक निवडायचा आणि तोही मॅच चालू असताना, मांडीवर लॅपटॉप, एक डोळा मैदानावर. मग क्रॉप, मग कॅप्शन. फोटो मेकॅनिक नावाचं सॉफ्टवेअर यासाठी बरेच जण वापरतात, त्यात आधीच दोन्ही टीमच्या याद्या भरून ठेवायच्या, मग टीमचा कोड आणि जर्सीचा नंबर टाईप केला की खेळाडूचं पूर्ण नाव आपोआप येतं. यादीत एक नंबर चुकला तर चुकीचं नाव सगळीकडे जातं आणि शिव्या फोटोग्राफरलाच बसतात. शिवाय वेबसाईटला फोटो आत्ताच्या आत्ता हवा, सोशल मीडियाला उभा हवा, आणि "जाता जाता" थोडा व्हिडिओ पण आण. हे जाता जाता ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला एकदा तरी दोन कॅमेरे गळ्यात अडकवून पाठवायला पाहिजे.

आता "कोणी ना कोणी असतंच". यात तथ्य आहे, नाही कशाला म्हणू. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरलं तेव्हा जगभर गाजलेला फोटो फेरीबोटीवरच्या एका प्रवाशाने आयफोनवर काढला होता. अचानक घडलेल्या गोष्टीत बघ्याचा फोन पहिला पोचणारच. पण १३ जुलै २०२४ ला अमेरिकेतल्या बटलर गावी प्रचारसभेत ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला, तिथे गर्दीत फोन काय कमी होते? न्यूयॉर्क टाइम्सचे फोटोग्राफर डग मिल्स यांच्या एका फ्रेममध्ये डोक्याजवळून गेलेल्या गोळीची रेघ सापडली, कारण शटर १/८००० सेकंदावर, म्हणजे क्षणार्धाहूनही कमी वेळ उघडेल असा लावलेला होता आणि माणूस स्टेजच्या अगदी पुढ्यात होता, अनेक वर्षं राष्ट्राध्यक्ष कव्हर केल्यामुळे. नशीबही होतंच म्हणा. पण नशिबाने दार ठोठावलं तेव्हा ते घरी होते.

आणि फोटोग्राफर काढून टाकायचा प्रयोग होऊन गेलाय बरं का. मे २०१३ मध्ये शिकागो सन-टाइम्सने अख्खा फोटो विभाग एका दिवसात घरी पाठवला, २८ जण, त्यात पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालेले जॉन व्हाइटसुद्धा. रिपोर्टरांना आयफोनवर फोटो काढायचं ट्रेनिंग दिलं. वर्ष संपायच्या आत युनियनबरोबरच्या करारात चौघांना परत घ्यायचं ठरलं. पुढे बोलायलाच नको.

फुकटच्या ढिगाबद्दल. डॅनियल मोरेल हे हैतीचे फोटोग्राफर, जानेवारी २०१० च्या भूकंपाचे फोटो त्यांनी त्याच दिवशी ट्विटरवर टाकले. दुसऱ्याच कोणीतरी ते स्वतःच्या अकाउंटवर चढवले, तिथून एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने उचलले, गेटी या फोटो विकणाऱ्या कंपनीने विकले. नेटवर होते म्हणजे वापरायला मोकळे, असाच बचाव होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्युरीने मोरेल यांना १२ लाख डॉलर द्यायला सांगितले. जिंकले खरे, पण जवळपास चार वर्षं कोर्टात गेली, आणि सगळ्यांना हे कुठे परवडतं? बहुतेक फ्रीलान्सर आपला फोटो क्रेडिट कापून फिरताना बघतात आणि पुढच्या कामाला लागतात, कारण कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप, विमा सगळं त्यांच्याच खिशातून जातं.

खाली कोणीतरी लिहिलंय, "तसंही सगळे फोटो एडिटेडच असतात, आणि आता तर एआय आलंय." मग हे ऐका. एपी या अमेरिकन वृत्तसंस्थेसाठी फोटो काढणाऱ्या नार्सिसो काँट्रेरास यांनी सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला, बस एवढंच, आणि नंतर स्वतःहून ऑफिसला सांगितलं. जानेवारी २०१४ मध्ये एपीने त्यांच्याशी संबंध तोडले, सुमारे ५०० फोटो अर्काइव्हमधून काढले, आणि हा माणूस एपीच्या पुलित्झरवाल्या टीममध्ये होता! मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश राजघराण्याकडून आलेला युवराज्ञी केट यांचा फॅमिली फोटो एपी, रॉयटर्स, एएफपी, गेटी सगळ्यांनी मागे घेतला, कारण मुलीच्या स्वेटरची बाही जुळत नव्हती. फोटोवर शंका आली की आम्ही डेस्कवरून पहिली मागणी करतो ती मूळ फाईलची, आणि आधीच्या-नंतरच्या फ्रेमची. फोटोग्राफर तासाभरात पाठवतो. मेसेजवाल्यांनी आपल्या त्या फुकटच्या ढिगातल्या कुठल्याही फोटोसाठी हे मागून बघावं.